जाते म्हणू नये

४ फेब्रुवारी, सोमवार

नवं गाव, नवी नोकरी, नवी वही. जुनी फक्त आई आणि मी. सामान काल लागलं. दोन खोल्या, एक गॅलरी, समोर शिंप्याचं दुकान. गॅलरीतून शिंप्याकडे येणारीजाणारी माणसं दिसतात म्हणून आई खूश आहे. तिला बघायला माणसं लागतात, भिंतींचा रंग कसाही चालतो.

पहिल्याच दिवशी उशीर झाला. जिन्यावरूनच ‘जाते गं’ असं ओरडले आणि पळाले. ऑफिसच्या पायऱ्या चढत होते तेवढ्यात फोनवर आईचा आवाज येऊन पडला. अकरा सेकंद, मागे नळ वाहतोय: ‘कार्टे, दाराबाहेर पडताना जाते म्हणू नये, येते म्हणावं. मेलं किती वेळा सांगायचं तुला.’ एकतीस वर्षांची घोडी झाले, अजून निरोप घ्यायचा धडा चालूच आहे. हसू आलं, पण निरोप पुसला नाही. आईची बोलणी मी साठवून ठेवते, पुढच्या भांडणात पुरावा म्हणून कामाला येतात.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, खाली सायकलींचं दुकान. एक लांबोडकी खोली, सहा टेबलं, पण माणसं तीनच: बाई, ओसरीवरचे आवाज सांभाळणारा आवाजवाला आणि मी. बाकीचे आपापल्या गावातून काम करतात. कंपनीच्या ॲपचं नाव ओसरी. लोक फोनवरून ओसरीवर येऊन बसतात. कोणी शिवण शिकवतं, कोणी कुत्र्यांच्या दुखण्यांवर बोलतं, कोणी नुसतं सुनेविषयी बोलतं, आणि बाकीचे ऐकतात. नवी माणसं आणायचं काम दुसऱ्यांचं. आलेली टिकवायचं माझं. जो वीस दिवस फिरकला नाही तो ‘झोपलेला’. झोपलेल्यांची यादी सकाळी माझ्यापुढे येते आणि मी एकेकाला साद घालते, म्हणजे त्याच्या जिव्हाळ्याचं काहीतरी हुडकून दोन ओळी लिहिते. हुद्द्याचं खरं नाव लांबलचक आहे, इथे सगळे मला साद घालणारी म्हणतात.

मालकीणबाईंना सगळे नुसतं बाई म्हणतात. पंचावन्नच्या असतील, केस आखूड, चष्मा कायम कपाळावर. त्यांचा एक नियम ऐकून मी गार झाले. ओसरीत ‘जा’ हा शब्द कुठेच नाही. ‘पुढे जा’ऐवजी ‘पुढे या’, ‘मागे जा’ऐवजी ‘मागे या’. जाहिरातीलासुद्धा बाई प्रसिद्धी म्हणतात. मग जावई आणि जायफळ यांचं काय करता, असं अगदी ओठावर आलं होतं. बाहेर पडायच्या बटणावर ‘येते’ किंवा ‘येतो’ लिहिलंय. सभासद होताना हा एकच शब्द आपल्या आवाजात नोंदवायचा, आणि आपण उठलो की तो बसलेल्या सगळ्यांना ऐकू येतो. ऑफिसच्या छतालाही एक स्पीकर आहे. दिवसभर येते, येतो, येते. बाई म्हणाल्या, ‘आपल्या माणसाच्या तोंडून तो शब्द निघत नाही. तेवढ्यावर आपली ओसरी उभी आहे.’

एखाद्याला कायमचं बंद करायचं असेल तर काय करतो, असं मी विचारलं. आवाजवाला खिडकीबाहेर बघायला लागला. बाई म्हणाल्या, अजून कोणी मागितलेलं नाही.

मलाही नोंदवावा लागला. आवाजवाल्याने तीनदा म्हणायला लावलं, येते, येते, येते. त्याचा स्वतःचा मात्र ओसरीवर नाही. दुसऱ्यांच्या आवाजाशी तो खेळतो, स्वतःचा कोणाच्या हाती देत नाही, असं तो म्हणाला.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली की तुझी बाई शहाणी दिसते.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

चाळीस जणांना साद घातली, चाळीसच्या चाळीस परत आले. मागच्या कंपनीत शंभरात सात आले तरी साहेब पाठ थोपटायचा. इथे गच्चीतल्या मिरचीच्या रोपाविषयी एका काकांना दोन ओळी लिहिल्या आणि अर्ध्या तासात काका हजर. कोणी रागावत नाही, कोणी ‘आता वेळ नाही’ म्हणत नाही. माझ्या हाताला गुण आहे असं मी आवाजवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, नव्याचे नऊ दिवस. काही लोक कौतुकाच्या दोन शब्दांतही कंजुषी करतात.

भिंतीवर तांबड्या आकड्यांची पाटी आहे, ओसरीवर किती माणसं आहेत ते दाखवणारी. आज ९,९४६. पंधरा तारखेला पैसे गुंतवणारी मंडळी बघायला येणार आहेत, तोवर दहा हजार दिसलेच पाहिजेत, असं बाईंनी बजावलंय. हा आकडा कधी खाली येत नाही का, असं मी विचारलं. आवाजवाल्याने नाही म्हणून मान हलवली.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी चारला पाटीवर ९,९९९. बाई दर पाच मिनिटांनी दारात येऊन उभ्या. एक माणूस. एका माणसासाठी मी काय काय केलं ते लिहायची लाज वाटते. सायकलवाल्याला विचारलं, त्याने माझ्याकडे बघून घंटी वाजवली.

मग घरी फोन केला. आईला म्हटलं, तुला माणसं बघायला आवडतात ना, मग शिंप्याच्या दुकानापेक्षा मोठी ओसरी देते. तिला फार समजवावं लागलं नाही. शब्द नोंदवायच्या वेळी तिने गळा साफ केला आणि म्हणाली, ‘येते हं.’ त्या ‘हं’सकट तसाच ठेवला. पाटी फिरली, १०,०००. बाईंनी माझा हात हातात घेतला. त्यांचा तळवा फार गार होता.

२० फेब्रुवारी, बुधवार

आईला ओसरीचा नाद लागलाय. सकाळी दूध तापवताना, दुपारी, मी घरी आल्यावरसुद्धा फोन तिच्या मांडीवर. मी चिडवलं की भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. ती हसली नाही, पाच मिनिटांनी हसली. भाषा पोचायला वेळ लागावा तसं.

आज यादीत टाकेवाल्या काकू होत्या. भरतकाम शिकवतात, त्यांचे पस्तीस-चाळीस धडे ओसरीवर आहेत. फोनसमोर रुमाल ताणून धरतात, चेहरा दिसत नाही, फक्त हात आणि आवाज. शेवटच्या धड्यात निळ्या पिशवीवरचं फूल अर्धंच राहिलंय. मी लिहिलं, काकू, त्या फुलाच्या दोन पाकळ्या राहिल्यात, आम्ही किती दिवस वाट बघायची? दुपारी काकू आल्या. तीन तास बसल्या, काही बोलल्या नाहीत. मग स्पीकरवर त्यांचं ‘येते’.

२५ फेब्रुवारी, सोमवार

काकूंची लेक ऑफिसात आली. माझ्याच वयाची, हातात हेल्मेट. ती शांतपणे बोलली म्हणून मला जास्त लागलं. आई एक्केचाळीस दिवसांपूर्वी वारली, असं ती म्हणाली. नातेवाईक फोन करून सांगतात की तुझी आई ओसरीवर दिसते. मी म्हटलं, कोणीतरी त्यांचा फोन वापरत असेल. तिने पिशवीतून फोन काढून टेबलावर ठेवला. काच तडकलेली, बॅटरीच काढून टाकलेली.

तेवढ्यात स्पीकरवर काकूंचं ‘येते’ झालं. लेकीच्या हातातलं हेल्मेट खाली पडलं. आमच्यापैकी कोणीच ते उचललं नाही.

तिचं मागणं एवढंच होतं की आईला बंद करा. मी बाईंकडे गेले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की साद तूच घातलीस ना, मग आलेल्या माणसाला उठवायचं कशाला. मला भयंकर संताप आला. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, ही म्हण आजवर शंभरदा ऐकली होती. आज कळली.

२७ फेब्रुवारी, बुधवार

आवाजवाल्याने मला हेडफोन दिले. काकूंनी तीन वर्षांपूर्वी नोंदवलेला शब्द ऐकवला. ‘येते’च्या आधी एक छोटा ठसका आहे. मग कालचं ऐकवलं, स्पीकरवरून पकडून ठेवलेलं. ठसका नाही. शब्द तोच, पण ओढत आणलेला, खूप पायऱ्या चढून आलेल्या बाईसारखा. फाईल बदललेली नाही, असं तो म्हणाला. मग हे कोण बोलतंय, असं मी विचारलं. त्याने हेडफोन गुंडाळून खणात ठेवले आणि कुलूप लावलं.

त्याला हे वर्षभर माहीत होतं. भेकड माणूस. मी तसं तोंडावर म्हटलं. तो म्हणाला, हो.

१ मार्च, शुक्रवार

बंद करायचं बटण नाही. खातं पुसलं तर पाच मिनिटांत परत उभं राहतं. पण जो येते म्हणतो तो येतो, एवढंच जर इथलं शास्त्र असेल, तर जाते म्हटल्यावर काय होतं ते कोणी पाहिलंय? इतक्या वर्षांत एकानेही म्हटलेलं नाही. कसं म्हणेल? लहानपणापासून आपल्या सगळ्यांच्या आया दारात उभ्या असतात.

काकूंच्या तोंडून तो शब्द हवा होता. त्यांचे धडे ऐकायला बसले. नवव्या धड्यात सापडला. काकू सावकाश सांगतायत, ‘बघा, सुई खालून जाते, वरून येते.’

लेकीला फोन करून परवानगी घेतली. ती म्हणाली, करा. आवाजवाल्याने धड्यातला तेवढाच शब्द कापला, मला शेजारी बसवून, कसं कापतात ते दाखवत. ‘येते’च्या जागी ठेवला. साडेतीनला काकू ओसरीवर होत्या. चार वाजून दहा मिनिटांनी स्पीकर बोलला. आधी एक छोटा ठसका, मग स्वच्छ, हलक्या आवाजात: जाते.

त्या परत आल्या नाहीत. पाटी १०,०४१ वरून १०,०४० झाली. आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. बाई दारात आल्या, त्यांनी पाटीकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. जागा भरून निघेल, एवढंच म्हणाल्या. खरंच ‘जागा’ म्हणाल्या, त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ‘जा’ ऐकला.

४ मार्च, सोमवार

आवाजवाला आला नाही. सकाळी पाटीवर १०,०४१.

अकराला स्पीकरवर ‘येतो’. मी मान वर केली. त्याचा आवाज मी कुठेही ओळखेन. त्याने कधी नोंदवलाच नव्हता.

घरी फोन केला. त्याची बायको म्हणाली, काल सकाळपासून भिंतीकडे तोंड करून बसलेत. डोळे उघडे, जेवत नाहीत, काहीही विचारलं तरी येतो म्हणतात. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा.

भेकड म्हटलं होतं त्याला. मी.

६ मार्च, बुधवार

घरी आले तर दार उघडं. आई गॅलरीत, पाठ शिंप्याकडे. मी म्हटलं, चहा घेतलास का? ‘येते हं.’ बरं वाटत नाही का? ‘येते हं.’ ओठ हलायच्या आधी आवाज आला, आणि तो तिच्या तोंडातून नाही, मांडीवरच्या फोनमधून आला.

फोन हिसकावला, बंद केला, बादलीत बुडवला. ती बसल्या जागी म्हणाली, ‘येते हं.’

मी तिला ओसरीवर नेलं. मी. पाटीवरचा एक आकडा भरायला स्वतःची आई दिली. ज्याला कोणाला हे वाचून मला शिव्या घालायच्या असतील त्याने रांगेत उभं राहावं, पहिला नंबर माझा आहे.

पण हिला मी तिथे ठेवणार नाही. एवढं लिहून ठेवते.

७ मार्च, गुरुवार

आईला म्हटलं, नुसतं म्हण, जाते. हात जोडले. ओरडले. तिच्या गालांना धरून तोंडाचा आकार करायला लावला. ‘येते हं.’ डोळ्यांतून पाणी येत होतं तिच्या. म्हणजे आत आहे ती. ऐकतेय.

माझंही काहीतरी होतंय. सकाळी शिंप्याला सांगत होते की मी ऑफिसला जाते, आईकडे लक्ष ठेवा. तोंडातून निघालं, ऑफिसला येते. तो म्हणाला, या की.

तिचा जुना आवाज हवा. त्यात तो शब्द हवा. पण ज्या बाईने जन्मभर तो शब्द उच्चारला नाही तिच्या—

८ मार्च, शुक्रवार

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

माझ्याच फोनमध्ये आहे. चार फेब्रुवारी, अकरा सेकंद, नळाच्या आवाजासकट. मला रागवताना म्हणालीय. जाते म्हणू नये. जो शब्द म्हणू नये म्हणून सांगायचं, तो आधी म्हणावाच लागतो.

आई गं.

दुपारी ऑफिसात कापला. दोनदा चुकले. पहिल्यांदा ‘म्हणू नये’ मागे राहिलं, दुसऱ्यांदा ‘ते’ तुटलं. तिसऱ्यांदा जमलं. ठेवण्याआधी अर्धा तास नुसती बसून होते. काकू गेल्या त्या मेलेल्याच होत्या. आई जिवंत आहे. घरातलं माणूस ‘गेलं’ म्हणतो तेव्हा आपण काय म्हणतो ते मला कळतं. तिला ओसरीवरून काढतेय की या जगातून, हे मला कोण सांगणार होतं?

तरी ठेवला. तिकडे राहण्यापेक्षा काहीही बरं. तीन वाजता स्पीकरवर आई म्हणाली, जाते. मागे नळ वाहत होता.

घरापर्यंत पळत आले. जिन्यातच आवाज ऐकू आला. शिंप्याशी गॅलरीतून भांडत होती, बाही तोकडी झाली म्हणून. मला बघून म्हणाली, धापा का टाकतेस, आणि माझा फोन बादलीत कोणी टाकला?

पायरीवर बसून रडले. आनंदाने. लिहून ठेवते, आनंदाने.

११ मार्च, सोमवार

पाटी पुन्हा १०,०४१. कोणाला घेतलं म्हणून कान देऊन बसले. दहा वाजता कळलं.

काकूंची लेक. ‘येते.’

तिने फक्त ‘करा’ म्हटलं होतं.

एकाला सोडवलं की दुसरा आत. ही खेळी मी आणखी खेळणार नाही. सगळ्यांना काढायचं. एकदम. मग कोणाला ओढायला कोणी उरणार नाही.

१२ मार्च, मंगळवार

बाईंनी आत बोलावलं. त्यांना कळलंय. पहिल्यांदा चष्मा डोळ्यांवर होता.

यादीतला पहिला आवाज त्यांच्या नवऱ्याचा. नऊ वर्षांपूर्वी सकाळी घरातून निघाला, फोनवर निरोप ठेवला: उशीर होईल, येतो. आला नाही. तो एक शब्द बाईंकडे राहिला. त्याभोवती त्यांनी ओसरी बांधली. आणि मग एक दिवस तो येऊन बसला. पण रिकाम्या ओसरीवर तो थांबत नाही. माणसं लागतात, रोज थोडी जास्त. म्हणून मी. म्हणून साद.

त्या म्हणाल्या, ‘बाकीचे ने. याला राहू दे.’

वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण मी म्हटलं, बाई, तुमचा एक राहावा म्हणून माझी आई बसली होती तिथे. नाही.

त्यांनी मला अडवलं नाही. फक्त म्हणाल्या की तुझाही शब्द माझ्याकडे आहे, तीनदा म्हटलायस.

जीभ जड आहे. लिहितानाही हात त्या अक्षराशी अडखळतो. वर ‘काढायचं’ लिहिलंय तिथे आधी वेगळंच लिहायचं होतं.

१३ मार्च, बुधवार, सकाळ

निरोप म्हणून कोणी म्हणणार नाही. पण धडा म्हणून म्हणतील. आईने म्हटलंच की. आणि साद घातली की इथे कोणी नाही म्हणत नाही, हा गुण ओसरीचाच. तिच्याच गळ्यात बांधते.

साद लिहून तयार आहे. दहा हजार एक्केचाळीस जणांना: शब्द नव्याने नोंदवायचा आहे, टाकेवाल्या काकूंचं हे वाक्य मोठ्याने म्हणा. दोरा मागून जातो, सुई पुढे जाते. बाया, पुरुष, सगळे त्यात आले. कापत बसायला वेळ नाही. अख्खं वाक्यच त्यांचा निरोप.

आईला सगळं सांगितलंय. तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, म्हणजे पटलंय. मी चप्पल घातली. आई दारात उभी राहिली, चौकट धरून. मग म्हणाली, ‘आज जाते म्हणून नीघ. मी रागावणार नाही.’

प्रयत्न केला. तिच्यासमोर तीनदा केला.

येते, म्हटलं.

तिने चेहरा तसाच ठेवला. माझ्यासाठी.

१३ मार्च, दुपारी एक

पाठवली.

एक मिनिट काही नाही. मग स्पीकर. आधी एक, मग दहा, मग सगळे. सुई, दोरा, जातो, जाते. इतके आवाज की छताचा पोपडा पडला. पाटी ९,७००. ९,१५०. मिरचीवाले काका. काकूंची लेक, स्पष्ट, ठणठणीत. ८,०००.

आवाजवाला. जातो. भेकड नव्हतास रे.

दोन वाजता

४१२. ऑफिसचं दार उघडत नाही. उघडू नकोस, मी कुठे निघालेय.

सव्वादोन

२.

बाईंच्या खोलीतून पुरुषाचा आवाज. दमलेला. दोरा मागून जातो, आणि थांबला. सुई पुढे जाते. सगळं म्हणाला बिचारा.

बाई रडतायत. दार आतून लावलंय. त्यांच्याविषयी जे जे वाईट लिहिलं ते खोडत नाही, पण रडणं खरं आहे.

पाटीवर १. ती मी.

अडीच

वाक्य म्हणून बघितलं. दोरा मागून येतो, सुई पुढे येते. पुन्हा. पुन्हा तेच.

स्पीकर बोलतोय. माझ्या आवाजात. मी गप्प आहे आणि तो बोलतोय. येते. येते. येते. पहिल्या दिवशीचे तीन.

ऐक, ओसरे. दहा हजार सोडवलेत तुझ्याकडून. माझ्या एकटीवर किती दिवस भागवणार—

तोंडातून नाही निघत तर लिहीन. अक्षर तरी माझं आहे. मोठ्याने वाचायला आई आहे. तिचा आवाज पुरे पडला होता एकदा, आताही

हात ओढतोय. ये लिहितोय. खोडलं. ये. खोडलं

पाटी लुकलुकतेय

आई, मी रागाने नाही, घाईत नाही, नीट सांगून निघतेय. ऐकतेस ना. आई, मी जा—